जामनेरच्या बाजारांतील नांवाचीं कार्डें

खानदेशांतून प्रवास करणारा मनुष्य बहुधा चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या मोठ्या स्टेशनांवरूनच पुढें निघून जातो. जामनेर त्याच्या वाटेवर येत नाहीं. मुद्दाम जावें तेव्हांच तें भेटतें. जळगांवाहून मोटार निघाली म्हणजे नेरीपर्यंत दोन्ही अंगांस काळी जमीन, तींत कपाशी व मका, मधूनच एखादा केळीचा हिरवागार मळा, आणि दक्षिणेस क्षितिजावर अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ, एवढेंच काय तें दिसतें. कांग नदीच्या कांठचा हा तालुक्याचा गांव देखणा आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु येथील बाजारपेठेंत दोन दिवस स्वस्थपणें काढले असतां एका अगदीं साध्या वस्तूविषयीं जें शिकावयास मिळतें, तें मुंबई-पुण्याच्या थंडगार कचेऱ्यांतून मिळत नाहीं. ती वस्तु म्हणजे नांवाचें कार्ड. सर्वत्र ज्यास व्हिजिटिंग कार्ड म्हणतात तें.

जामनेर आडमार्गावर असलें तरी तेथील माल कधीं आडमार्गावर राहिला नाहीं. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि खानदेशच्या कपाशीस एकाएकीं सातासमुद्रांपलीकडचें गिऱ्हाईक मिळालें. पुढें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पाचोऱ्याहून शेंदुर्णी व पहूरवरून जामनेरपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी सुरू झाली, आणि येथील बाजार मोठ्या लाइनीशीं जोडला गेला. छपन्न किलोमीटरांची ती वाट गाडी इतक्या सावकाश काटीत असे कीं, तिच्या गमती सांगणारे लोक आजहि प्रत्येक ओसरीवर भेटतात. २०२० सालीं करोनाच्या साथींत ती थांबली, आणि तिचें शंभर वर्षांचें आयुष्य तेथेंच संपलें. शिवाय दक्षिणेचा डोंगर ओलांडला कीं १९४८ पर्यंत निजामाचें राज्य लागे, आणि तेथें रुपया देखील निराळा, हाली शिक्क्याचा, चाले. अशा ठिकाणीं येणारा खरेदीदार परका असावयाचा. त्याला गांवाची माहिती नाहीं, गांवाला त्याची नाहीं, आणि मधें तर हजारों रुपयांचा माल.

या अडचणीवर आपल्या जुन्या सावकारीनें एक तोड काढून ठेविली होती. हुंडीचे जे अनेक प्रकार होते, त्यांतील शाहजोग हुंडीचा पैसा वाटेल त्या हातांत पडत नसे. ती घेऊन येणारा मनुष्य बाजारांत पत असलेला 'शाह' असावा लागे. म्हणजे पैसे देणारा कागदावरील अक्षर वाची, आणि तितक्याच बारकाईनें समोरचा माणूसहि वाची. १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यानेंहि देशी भाषांतील अशा कागदांच्या स्थानिक रूढीला हात लावला नाहीं. ज्याचें काम हुंडीपर्यंत जात नसे, त्याच्यासाठीं साधी चिठ्ठी असे: 'पत्र आणणारा आपल्या ओळखीचा आहे, यास सांभाळून घ्यावें.' साहेबांच्या बंगल्यावर आधीं कार्ड आंत पाठवून मग भेटण्याची चाल इंग्रजी अमदानींत आपल्याकडे आली, वकील-डॉक्टरांनीं ती उचलली, आणि तेथून ती हळूहळू दुकानांपर्यंत पोंचली. पण खानदेशच्या पेठेंत कार्ड येण्याच्या कितीतरी आधीं त्याचें काम करणारी ही चिठ्ठी नांदत होती, हें ध्यानांत ठेवावें.

येथें थोडें आडवळण घेतों. पहूरवरून दक्षिणेस गेलें कीं अजिंठ्याचीं लेणीं लागतात. तेथील दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपींत कोरलेली एक ओळ आहे. ती इसवी सनापूर्वीची मानतात. वासिष्ठीपुत्र कटहादि यानें हें दर्शनी मुख दान दिलें, एवढाच तिचा मजकूर. नांव, आईवरून ओळख, आणि केलेलें काम. चौथी गोष्ट नाहीं. त्याच लेण्यांत १८१९ च्या एप्रिल महिन्यांत शिकारीच्या निमित्तानें आलेल्या जॉन स्मिथ नामक इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपलें नांव व तारीख चित्रावर खरडून ठेविली आहे. एकानें आपण काय दिलें तें लिहिलें. दुसऱ्यानें आपण येऊन गेलों, इतकेंच. जामनेरच्या बाजारांतील कार्डें चाळतांना हीं दोन नांवें आम्हांस वारंवार आठवलीं.

आज येथें कार्ड नसलेला धंदेवाला शोधूनच काढावा लागेल. आडत्याच्या गादीपुढील मेजाच्या काचेखालीं, कृषि सेवा केंद्राच्या भिंतीवर, औषधांच्या दुकानाच्या फळीला, जेथें पाहावें तेथें कार्डें. बोअर मारणारा, मोटारीचें रिवाइंडिंग करणारा, ठिबकच्या नळ्या बसविणारा, जेसीबी भाड्यानें देणारा, मंडपवाला, विमा एजंट, कर सल्लागार, वकील, दंतवैद्य, इतकेंच काय पण सप्ताहाचीं निमंत्रणें घेणारे कीर्तनकार देखील. आम्हीं त्यांतील पुष्कळशीं कार्डें हातांत घेऊन वाचण्याचा यत्न केला, आणि बरींचशीं वाचतां आलीं नाहींत. एका कार्डावर वर गणपति, डावीकडे मालकाचा फोटो, उजवीकडे पंपाचें चित्र, मागें झळकणारें हिरवें शेत, आणि त्या शेतावर पिवळ्या अक्षरांत अकरा कामांची यादी होती. हा गृहस्थ नक्की करतो तरी काय, हें शेवटीं आम्हीं दुकानदारालाच विचारलें. तो म्हणाला, "मोटारी बांधतो. बाकीचं लिहायला जागा होती म्हणून लिहिलं."

देवाच्या चित्राविषयीं थोडें स्पष्ट बोलावयास हवें. श्रद्धेला आमचा विरोध नाहीं. पण हीं कार्डें शेवटीं कोठें जातात तें पाहावें. खिशांत घामानें भिजतात, धोब्याच्या भट्टींत जातात, बसच्या जमिनीवर पायांखालीं पडतात. लक्ष्मीचें चित्र तेथें पडलेलें पाहून ज्याला वाईट वाटेल, त्यानें तें आपल्या हातानें छापूं नये.

आतां कार्डाच्या बांधणीकडे वळूं. साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद, एवढीच ही जमीन. तींत पीक किती घ्यावयाचें, हें देणाऱ्याच्या हौसेनें न ठरवितां घेणाऱ्याच्या डोळ्यांवरून ठरवावें. जामनेरांत कार्ड घेणारा पुष्कळ वेळां साठी उलटलेला शेतकरी असतो. त्याचा चष्मा घरीं राहिलेला असतो, आणि तो तें कार्ड संध्याकाळीं गोठ्याच्या उजेडांत वाचणार असतो. देवनागरी अक्षर रोमन अक्षरासारखें नुसतें ओळीवर बसत नाहीं. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खालीं उकार, ऋकार. त्यामुळें एकाच मापाचे दोन्ही टाइप घेतले तर देवनागरीचा मधला गाभा लहान पडतो. इंग्रजी बाजू ज्या मापांत सुखानें बसते, त्याच मापांत मराठी बाजू कोंबूं गेलें कीं 'ष्ट' आणि 'ष्ठ' एकसारखे दिसूं लागतात व अनुस्वार शाईंत बुडून जातो. जावजी दादाजींनीं १८६४ सालीं टाइपाचा कारखाना आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढून देवनागरीला जें ठसठशीत वळण लावलें, तें ज्यांनीं घरांतील जुन्या पोथ्यांत पाहिलें आहे, त्यांना या नव्या कार्डांवरील गुदमरलेलीं अक्षरें पाहून दुःख झाल्याशिवाय राहणार नाहीं. मराठी मजकूर कमी करावा आणि अक्षर मोठें करावें. दुसरा उपाय नाहीं. टेलिफोनचे दहा आकडे सलग न छापतां पांच-पांचांचे दोन गट करावे. एका बाजूस मराठी अंक व दुसऱ्या बाजूस इंग्रजी अंक असावे, कारण म्हातारा एक वाचतो आणि त्याचा नातू दुसरे दाबतो. संगणकावर जुळणी करणाऱ्यास युनिकोडच्या टाइपांत जुळवावयास सांगावें. जुन्या पद्धतीच्या टाइपांत जुळविलेलें नांव टेलिफोनवरून पाठविलें असतां पलीकडे निरर्थक खुणांची रांग उमटते.

पत्त्याचेंहि असेंच. 'गट नंबर अमुक, प्लॉट नंबर तमुक' असें लिहिलेलीं कार्डें आम्हीं पाहिलीं. तो पत्ता तलाठ्याला समजेल. 'बाजार समितीच्या फाटकासमोर' एवढ्यानें शेंदुर्णीचा शेतकरी डोळे मिटून येईल. मात्र बाहेरगांवाहून पार्सल यावयाचें असेल तर पिन क्रमांक हवा, आणि तो निम्म्या कार्डांवर नव्हता. ही सहा अंकांची योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी असून संस्कृतांत कविता व नाटकें लिहिणारे विद्वान होते, हें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. जामनेरचा क्रमांक ४२४२०६. पहिले तीन अंक टपालाच्या छाननीचा जिल्हा सांगतात, आणि गंमत अशी कीं, जामनेर जळगांव जिल्ह्यांत असूनहि त्याचे हे तीन अंक धुळ्याचेच आहेत. जळगांव शहराचे निराळे. महसुलाचा नकाशा आणि टपालाचा नकाशा एक नसतो, म्हणून अंदाजानें अंक लिहूं नयेत.

एजन्सीचा धंदा करणाऱ्या तरुणांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. याच तालुक्यांतील वाकोद गांवचे भवरलाल जैन यांनीं सरकारी अधिकाऱ्याची जागा मिळत असतां ती न घेतां १९६३ सालीं घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलच्या विक्रीचा धंदा सुरू केला. पुढें शेतीला लागणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांच्या मालाच्या एजन्स्या चालविल्या, आणि मगच जळगांवास त्यांचा स्वतःचा ठिबक सिंचनाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. एजन्सीच्या काळांत माल दुसऱ्याचा असतो, पण ओळख आपली सांचत जाते. येथील बहुतेक एजंटांच्या कार्डांवर कंपनीचें बोधचिन्ह अर्धी जागा खातें, आणि विकणाऱ्याचें नांव तळाशीं बारीक अक्षरांत पडतें. कंपनी उद्यां एजंट बदलील. शेतकऱ्यानें मात्र ठिबकची नळी फुटली कीं ज्या माणसाला हांक मारावयाची, त्याचें नांव मोठें हवें.

एका घरची हकीकत येथें सांगितली पाहिजे. ती नांवें गाळून सांगतों. चार भावांचें एकत्र कुटुंब. धाकट्या सूनबाई चैत्र-वैशाखांत ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया आणि उडदाचे पापड करून विकीत. हाताला चव अशी कीं, पुण्या-नाशिकास गेलेलीं खानदेशी मंडळी मागणी नोंदवूं लागलीं. तेव्हां कार्ड छापावयाचें ठरलें. छापून आलें त्यावर गृहोद्योगास सासूबाईंचें नांव, मालक म्हणून पतीचें नांव, आणि टेलिफोनहि पतीचा. ज्या बाईच्या हातची ती चव होती, तिचा त्या साडेतीन इंचांत मागमूस नव्हता. कोणाच्या मनांत कांहीं दुष्टावा होता असें नाहीं; कार्ड म्हणजे पुरुषांची बाब, इतकेंच गृहीत धरलेलें. पती बँकेंत नोकरीस. गिऱ्हाईक त्यांना विचारी, बिबड्यांत लसूण आहे काय, कुरडया किती महिने टिकतील, अर्धा किलो मिळेल काय, आणि ते बिचारे प्रत्येकास म्हणत, "संध्याकाळी घरी विचारून सांगतो." संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईकानें दुसरीकडे विचारलेलें असे. दुसऱ्या वर्षीं सूनबाईंनीं सरळ सांगितलें कीं, माझें नांव व माझा नंबर छापणार असाल तर पीठ भिजवीन.

घरांत चार दिवस कोणी मोकळें बोललें नाहीं. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, सुनेचा नंबर बाजारांतल्या भिंतींवर लागला तर वेळीं-अवेळीं कोण काय बोलेल याचा नेम नाहीं. ही भीति खोटी नव्हे. बायकांचे छापील नंबर पाहून त्रास देणारे लोक आहेत, आणि त्यांना शासन होण्याऐवजीं बाईचेंच नांव कार्डावरून निघतें, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार होय. अखेर सासऱ्यांनीं मध्यम मार्ग काढला. धंद्यासाठीं स्वतंत्र नंबर घेतला, त्याचें यंत्र माजघरांत सर्वांच्या समोर ठेविलें, आणि कार्डावर पहिलें नांव सूनबाईंचें छापलें. नको ते टेलिफोन आले नाहींत असें नाहीं; आले. रात्रीं नवानंतर तें यंत्र सासरे स्वतः उचलतात आणि एकच शब्द उच्चारतात, "बोला." त्यापुढें पलीकडचा बहुधा बोलत नाहीं. गेल्या वैशाखांत या घरीं मदतीला तीन बाया ठेवाव्या लागल्या. आमचें मत विचाराल तर सूनबाईंनीं धरलेला हट्ट हा त्या व्यवसायांतील सर्वांत शहाणपणाचा हिशेब होता.

परंतु कार्डाची खरी करामत आम्हांला पाहावयास मिळाली ती एका आडत्याच्या पेढीवर. एक पोरसवदा मुलगा काम मागावयास आला होता. विहिरीवरचे पंप दुरुस्त करण्याचें शिक्षण नुकतेंच संपवून तो परगांवाहून येथें आलेला. त्यानें आपलें नवें कोरें कार्ड पुढें केलें. दोन्ही बाजूंस गुळगुळीत चकाकणारें, मागच्या बाजूसहि चित्र. आडत्यानें तें उलटसुलट करून पाहिलें, लेखणी टेंकविली, ती घसरली. मग त्यानें गल्ल्यांतून स्वतःचें साधें, मागें कोरें असलेलें कार्ड काढलें, आणि त्यावर चार शब्द लिहिले: "आबा, मुलगा आपला आहे. काम पाहून पैसे द्यावेत." खालीं सही. मुलाला म्हणाला, "हे घेऊन जा. तुझं कार्ड त्यांना काम झाल्यावर दे."

म्हणजे चिठ्ठी अजून मेलेली नाहीं. ती कार्डाच्या पाठीवर जाऊन बसली आहे. परक्या गांवीं नुसत्या छापील अक्षराला कोणी दार उघडीत नाहीं; मधल्या माणसाच्या हस्ताक्षराला उघडतें. म्हणून कार्ड छापतांना एक बाजू मोकळी सोडावी, कागद खरखरीत, शाई धरणारा घ्यावा, आणि चकाकीचा मोह टाळावा. आपली ओळख कोणीतरी पुढें करील, त्याला लिहावयास जागा पाहिजे. मधल्या माणसाची मात्र यांत जोखीम असते. त्या आडत्यास आम्हीं विचारलें, मुलानें काम बिघडविलें तर? तो म्हणाला, "तर आबा मला विचारतील, त्याला नाही. म्हणून महिन्यातून एकदोनच कार्डं लिहितो."

याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. कापूस वेंचून घरांत आला कीं शिवार खरेदीवाले बांधावर येतात. वजन तेथेंच, भाव बाजारापेक्षां चार पैसे चढा, थोडी रक्कम हातावर, बाकीच्याचा वायदा, आणि विश्वासासाठीं एक सुंदर कार्ड. बहुतेक प्रामाणिक असतात; पण जो नसतो त्याचें कार्ड सर्वांत सुबक असतें, असा येथील जाणत्या लोकांचा अनुभव आहे. दोन-अडीचशें कार्डें छापून घेणें म्हणजे फारसा खर्च नव्हे, आणि छापणारा कोणाची खातरजमा करीत नाहीं. घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं अशा वेळीं थोडें पुढें व्हावें. व्यापाऱ्याजवळ बाजार समितीचा परवाना आहे काय, तें विचारावें. कार्डावर किंवा पावतीवर जीएसटीचा क्रमांक असेल तर तो वाचण्याची एक सोपी रीत आहे. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजराथचे २४, मध्यप्रदेशचे २३. पुढील दहा अक्षरें म्हणजे त्या व्यक्तीचा वा पेढीचा पॅन क्रमांक. जळगांवची पेढी म्हणून सांगणाऱ्याच्या क्रमांकाचा आरंभ २४ नें होत असेल, तर तेथेंच थांबून प्रश्न विचारावा. हा क्रमांक कोणाच्या नांवावर आहे व चालू आहे कीं रद्द झाला आहे, हें सरकारी संकेतस्थळावर कोणालाहि फुकट पाहतां येतें. पांच मिनिटांचें काम आहे, आणि वजनकांट्याला गांठोडें लागण्यापूर्वीं तें उरकतां येतें. पूर्वींचा सराफ शाहजोग हुंडी घेऊन आलेल्यास न्याहाळीत असे, त्यांत त्याला लाज वाटत नसे; मग शेतकऱ्यानें कां वाटून घ्यावी?

कार्डांचे दिवस आतां संपले, टेलिफोन टेलिफोनाला लावला कीं नांव जातें, असें म्हणणारी एक मंडळी आहे. चौकोनी ठिपक्यांचें चित्र कार्डाच्या कोपऱ्यांत छापून त्यांतूनच पैसे घेणारे दुकानदार जामनेरांतहि पुष्कळ दिसले. सोय आहे, नाहीं कोण म्हणतो? पण ठिपक्यांची भाषा माणसाला वाचतां येत नाहीं, आणि यंत्रांत गेलेलें नांव शंभर नांवांत हरवतें. काचेखालचें कार्ड रोज डोळ्यांपुढें असतें. छापतांना मात्र हजाराचा भाव स्वस्त पडतो म्हणून हजार छापूं नयेत. नंबर बदलतो, भाऊ वेगळे होतात, दुकान हलतें, आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठीवर पोरें गणितें सोडवितात.

त्याच आडत्याच्या काचेखालीं, अगदीं मधोमध, एक कार्ड पिवळें पडलेलें होतें. अक्षरें जुन्या खिळ्यांची, कागदावर उठलेलीं. नांव, "सरकी व पेंडीचे व्यापारी," गांव, आणि टेलिफोनचा जुना आंकडा खोडून त्यावर हातानें लिहिलेला नवा. हे गृहस्थ हल्लीं कोठें असतात, असें आम्हीं विचारलें. "ते जाऊन सहा वर्षं झाली," आडत्या म्हणाला, "पण नंबर लावला की मुलगा उचलतो, आणि आधी बापाचं नाव सांगतो."